धुतलेलं इंजिन

नाही हो मिस्त्री, पाणी गेलंय एवढं म्हणू नका. बाकी काहीही म्हणा — गाडी म्हातारी झालीय म्हणा, बाई फार बोलते म्हणा — पण पाणी नाही. काल दिवसभर बसून हे इंजिन मी माझ्या हातानं साफ केलंय, आणि नळी लावून नाही केलेलं. वरच्या मजल्यावरचे काका — त्यांनीच फोन केला ना तुम्हाला? वाटलंच, शेजारी कुणी शिंकलं तरी डॉक्टरला बोलावणारा माणूस — ते गॅलरीतून सांगत होते, मारा जोरात फवारा, चुटकीसरशी चकाचक. म्हटलं काका, इंजिन आहे हे, अंगण नव्हे. आधी गाडी पूर्ण गार होऊ दिली. तापलेल्या इंजिनावर गार पाणी घातलं की तडे जायची भीती, आणि आपला हात पोळतो तो वेगळाच. मग बॅटरीची काळी वायर काढली. मग जिथं जिथं विजेचा संबंध किंवा पाणी आत जायची भीती तिथं तिथं प्लॅस्टिकची पिशवी आणि वरून रबर — बॅटरी झाली, अल्टरनेटर झाला, हवा आत घेणारं ते तोंड, ही फ्यूजची डबी — सगळ्यांना कानटोप्या घातल्यासारखं गुंडाळलं. मग साबणाचं पाणी, जुना टूथब्रश आणि घट्ट पिळलेलं फडकं. घाई नाही, धसमुसळेपणा नाही. बोट फिरवून बघा. फिरवा ना! आलं काही बोटाला? मग!

मला कसं येतं म्हणजे? अहो, अर्ध्या गावाला गाडी शिकवलीय मी! हे इकडे वाकून बघा, शेजारच्या सीटपुढे दुसरा ब्रेक दिसतो का? तो माझा. शिकणारा गडबडला की माझा पाय खाली. किती भिंती आणि किती म्हशी वाचवल्यात या पायानं, त्याची गणतीच नाही. माझ्याकडे शिकायचं तर आधी बॉनेट उघडायचं, मग दार — हा माझा नियम. लोक कुरकुरायचे, पण माझी लेक मात्र दात पडायच्या वयापासून डोकं आत घालून उभी. हे काय गं आई, ते काय गं आई. आता तिलाच देतेय ही गाडी. नोकरी लागलीय तिला, लांब — दिवसभर चालवावी लागेल एवढं लांब. आज निघायचंय, उद्या रुजू व्हायचंय. बॅगा कधीच्या भरून दारात ठेवल्यात. आणि सकाळी बसली, किल्ली फिरवली, तर गाडी हू की चू नाही! चिडली का? छे. खाली उतरली, म्हणाली, गेली वाटतं. काकांनी फोन उचलला तर म्हणते, मेकॅनिक कशाला उगाच. गुणी आहे हो, राग गिळते. माझ्यावर नाही गेली.

अं? बॅटरीवरची पिशवी? ती राहू द्या — ओल असेल अजून — म्हणजे ओल नाहीये, मघाशी मीच म्हटलं, पण तरी — अहो राहू द्या म्हटलं ना! झालं. काढलीत. आता माझ्याकडे काय बघताय? हो, वायर सुटलेली आहे. काल मी काढली, ती परत लावलीच नाही. विसरले. — नाही, विसरले कसली. पिशवी नीट बांधून वरून दोन रबरं घातली, विसरलेलं माणूस असं करतं का? मला नकोय हो ती जायला. झालं, बोलले. तिच्यासमोर मी म्हणते, जा गं, मी काय कुक्कुलं बाळ आहे? अहो, साखर वाटली मी सगळ्या बिल्डिंगमध्ये, माझी पोरगी चालली म्हणून. आणि रात्री तिच्या खोलीच्या दारात नुसती उभी राहते. म्हटलं एक दिवस, एकच दिवस गाडी रुसली तर कुणाचं काय बिघडतं? तुम्ही म्हणाल का हो, पार्ट मागवावा लागेल म्हणून? एवढं खोटं तुमच्या धंद्यात खपतं की! बरं बरं, तोंड वाकडं करू नका. लावा वायर. पोरीची पहिली नोकरी आणि आई बसलीय रबरं बांधत. घट्ट करा, हललेली नको. आणि हे वर कुणाला सांगायचं नाही.

द्या, किल्ली मी फिरवते. — बघा, दिवे लागले! आता — हं. फिरतंय की. पण पेटत नाही. परत एकदा. नुसतंच घरघरतंय. आता काय झालं? पाणी नाही, मिस्त्री, पाणी म्हणालात तर भांडण होईल आपलं. कुठं बघताय, फ्यूजच्या डबीत? तिथं मी हात लावलेला नाही, नुसती पिशवी घातली होती, तीही संध्याकाळी लेकीनंच सोडली — म्हणाली, आई तू दमलीस, चहा पी जा, शेवटचं पुसून मी घेते.

काय? नाही म्हणजे? इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपाचा फ्यूज कसा नसेल, काल होता — दाखवा. रिकामं आहे. पडला असेल खाली कुठं? असा पडत नाही, बरोबर आहे. ओढून काढावा लागतो. आणि नेमका हाच काढला की गाडी सुरू होत नाही, हे या घरात दोघींनाच माहीत आहे. एक मी. आणि एक — जिला मी शिकवलं.

मेकॅनिक कशाला उगाच, म्हणाली. अगं बाई. अगं माझे बाई! आणि मी साखर वाटतेय.

नको, थांबा, तुमच्याकडचा लावू नका. काढा तो हात. आवरा तुमची पेटी. काकांनी विचारलं तर — काहीही सांगा, पाणी गेलं म्हणून सांगा! जा हो आता, जा तुम्ही. मला वर जायचंय.