पाणथळीचं फुकट गणित

…नाही, चोरीची सायकल परत आणून दिली असती तरी माझ्याकडे इतक्या संशयाने कुणी पाहिलं नसतं, तुम्हाला सांगतो. मी असं काय केलं? एक एक्सेल होतं, त्याचं सॉफ्टवेअर केलं आणि म्हटलं, घ्या, सगळ्यांना खुलं आहे, आतलं गणित वाचा, चूक दिसली तर दुरुस्त करा, पैसे नकोत. तर साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला, दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, "यात तुझं काय?"

आता ते एक्सेल कशाचं, ते ऐका. गावाबाहेर आमची पाणथळ. गावाचं सांडपाणी तिच्यात जातं, त्यातलं नत्र आणि स्फुरद तिथली लव्हाळी खातात आणि निवळलेलं पाणी पुढे नदीला मिळतं. पण लव्हाळ्यांच्याही पोटाला काही माप असेल की नाही? जास्त झालं की पाणी हिरवं, मासे उताणे. तर नव्या वसाहतीचं सांडपाणीही तिच्यातच सोडायचं का, हे समिती ठरवणार, आणि समितीला आकडा देणार साहेबांचं एक्सेल. ते त्यांनी वर्षानुवर्षं रकान्याला रकाना जोडत स्वेटरसारखं विणलेलं, एक धागा ओढला की बाही गळायची. आणि मधोमध एक पिवळा चौकोन. वर लिहिलेलं, 'समायोजन'.

म्हटलं, साहेब, यात काय भरायचं?

"उत्तर पटेपर्यंत बदलत राहायचं."

कुणाला पटेपर्यंत?

"समितीला. पाणथळ बोलते का? नाही ना? मग तिच्या वतीने आपणच बोलायचं."

मी लांबून शिकून आलेला, अंगात रग. पिवळा चौकोन काढूनच टाकला. वर नियम घातला की प्रत्येक आकडा कुठून आला ते लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. साहेबांनी आकडा भरला, पुढे लिहिलं 'अनुभव'. सॉफ्टवेअरने निमूट घेतलं आणि अहवालात चारचौघांत छापलं… स्रोत : अनुभव. झालं. त्या दिवसापासून अख्खं ऑफिस माझ्यासमोर चहासुद्धा जपून प्यायला लागलं.

हिशेबाच्या बाई आल्या, खुर्ची जवळ ओढली. "चांगल्या घरचा दिसतोस. कुठल्या कंपनीने पाठवलंय, मला एकटीला सांग." म्हटलं, बाई, कुणीच नाही. "बरं, नको सांगू. पण यात तुझं काय, ते तरी सांग." म्हटलं, नदी. त्या उठल्या, जाताना माझ्या टेबलावरचा स्वतःचा स्टेपलर घेऊन गेल्या.

घरी काय वेगळं? काका म्हणाले, "फुकट देतोस म्हणजे आत काहीतरी असणार." म्हटलं, काका, आत गणित आहे. "तेच म्हणतोय मी." आई बिचारी पोळी वाढता वाढता म्हणते, "कुणा मुलीसाठी करतोयस का रे? तसं असेल तर मोकळेपणाने सांग, आम्ही काही बोलणार नाही." आता लव्हाळ्यांसाठी करतोय हे आईला कसं सांगायचं, सांगा बरं?

समितीची बैठक झाली. सॉफ्टवेअर म्हणालं, नाही, पाणथळीचं पोट भरलंय, आणखी घालाल तर मरेल. अध्यक्षांनी कागद उजेडात धरला, उलटा करून पाहिला. "कितीला घेतलं?" फुकट आहे, म्हटलं. त्यांनी तो कागद असा खाली ठेवला, जसा… जसा रस्त्यात कुणी दिलेला प्रसाद आपण खिशात घालतो आणि पुढच्या कोपऱ्यावर टाकतो. "तरुण माणसा, ज्याला किंमत नाही त्याच्यावर गावाने भरवसा ठेवायचा? आणि यात तुमचं काय?"

मग रीतसर सल्लागार कंपनी बोलावली. सल्लागार आला टाय लावून, भिंतीवर पडदा सोडला, सॉफ्टवेअर उघडलं… माझं. तुम्हाला सांगतो, ओळन् ओळ माझी. फक्त कोपऱ्यातलं माझं बेडकाचं चिन्ह काढून तिथे कंपनीचा सोनेरी मनोरा लावलेला. आता ओरडणार कुठे? खुलं आहे, कुणीही वापरा, विका, हे मीच लिहून दिलेलं. अट एकच, मूळ लेखकाचं नाव ठेवा. त्याने आकडे घातले, उत्तर आलं. नाही. पोट भरलंय. माझंच उत्तर, दशांशापर्यंत.

अध्यक्ष मागे रेलले. "आता कसं पटलं." आणि ठराव झाला, वसाहतीने सांडपाण्याची स्वतःची सोय करावी, पाणथळीला हात लावू नये. एकमताने. मासे वाचले, नदी वाचली. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण इतक्या पटकन एकमत? मी एकेकाचा चेहरा न्याहाळत होतो… यात यांचं काय? बघा, आता मलाही लागण झाली.

सगळे चहाला उठले. साहेब मात्र पडद्याजवळ गेले, चष्मा नाकावर घेऊन तळाची बारीक अक्षरं वाचली आणि मला खुणेने जवळ बोलावलं.

"हे बघ. मूळ लेखक. तुझ्याच नावाचा कुणीतरी आहे त्यांच्याकडे." माझ्या खांद्यावर हात ठेवला. आवाजात माया होती हो, खरंच होती. "गाठ त्याला. चार गोष्टी शिकशील."

म्हटलं, बघतो साहेब, भेटला तर.