मायचे शंभर दाणे

माह्या सॉफ्टवेअर लायब्ररीत शंभरचाच आकडा काहून आहे, हे तुमाले कधी सांगतलं का? क्वांटम कम्प्युटरवर प्रोग्राम चालवाची ते लायब्ररी, म्हंजे तयार कोडचा संच, मी मेडशीले घरी बसून लिहून राह्यलो होतो. पण एकच प्रोग्राम दर खेपेले वेगळं उत्तर दे. मी जाम वैतागलो. बाजूले माय, पेरणीआधी उगवण पाहाले, सोयाबीनचे दाणे ओल्या बारदान्यात गुंडाळत होती.

“कितीदा चालोला?”

“तीनदा.”

“तीन दाण्यावरून कोनी बियाणं ठरवते काय, बाबू? शंभर टाक, मंग मोज.”

शंभरदा चालोला, तं खरं उत्तर सगळ्यात जास्तदा आलं. दर प्रोग्राम शंभरदा चालवाचा, तोच आकडा लायब्ररीत कायम केला.

आता माय नाही. परवा लायब्ररी सुधाराले मदत करनाऱ्या परदेशातल्या एकानं विचारलं, “शंभराचे हजार करू का?”

म्या लिवलं, “राहू दे. मायनं मोजून देल्ले हायेत.”