गोंदवायचं वाक्य

हातावर? म्हणजे गोंदवून, कायमचं? — थांब, थांब टिलमान, बस आधी, पिशवी खाली ठेव, कॉफी ओततो. दूध नाहीये. काल आपल्या म्हाताऱ्यांचा सामना होता ना, पाच गोल खाल्ले आणि वर क्लबातलं सगळं संपवून गेले, दूधसुद्धा. — गुरुवारची वेळ घेतलीस? कोपरापासून मनगटापर्यंत? बघ बाबा. अक्षर सुंदर असेल, मी कुठे नाही म्हणतो, पण सुई असते ती. कावीळ होते. हसू नकोस, आमच्या खाणीत एकाला झाली होती, दंडावर जहाजाचा नांगर गोंदवून घेतला आणि सहा आठवडे पिवळाधमक होऊन घरी बसला. आणि तुझ्या आईला सांगितलंस का? — नाही ना? मग झालं तर.

आण तो कागद इकडे. चष्मा... हा. हो, शिफारसपत्र माझंच आहे. सही माझी, टाइप माझ्या गुडरूननं केलं होतं, ती होती तेव्हा. पण तुला कुठून मिळालं हे? — काय सांगतोस! फुटबॉलची ती मोठी अकादमी नव्या इमारतीत गेली म्हणून जुन्या फायली ज्याच्या त्याला वाटल्या? आपल्याकडे माणसं मरतात, कागद मरत नाहीत. 'टिलमान ओल्शेव्स्की याने सोपवलेली कामगिरी पार पाडण्याचा नेहमी मनापासून प्रयत्न केला.' आणि हे तुला आवडलं. इतकं आवडलं की — काय? खाली माझं नावही? ब्रोकमान म्हणून? अरे देवा.

दुसरं काहीतरी लिही ना. आईचं नाव लिही. परवा दुसऱ्या श्रेणीत पहिल्यांदा उतरलास, एकाहत्तराव्या मिनिटाला, तो आकडा लिही, छान दिसेल. — हो, कळलं मला, तू तसाच आहेस, मनापासून धडपडणारा, कोण नाही म्हणतंय? मधल्या फळीत तुझ्याएवढं कोण धावतं? पण हे नको. — का म्हणजे? नको म्हटलं ना! म्हाताऱ्याचं ऐकावं कधीतरी. — लोक हसतील रे. परक्या मैदानावर वीस हजार माणसं त्याचं गाणं करतील, तू कोपऱ्यावरून चेंडू मारायला गेलास की गातील. — का म्हणजे काय, टिलमान... तुला कधी कुणी नोकरी सोडताना प्रशस्तिपत्र दिलंय का? नाहीच. मामाच्या रोपवाटिकेत कुंड्या उचलल्यास, मामा कशाला प्रशस्तिपत्र देतोय! नंतर सगळं तुझ्या पायांनी बोललं.

मी एकतीस वर्षं खाणीच्या कार्यालयात तेवढंच काम केलं. खाण बंद झाली तेव्हा अकराशे माणसांची प्रशस्तिपत्रं या हातानं लिहिली. कायदा सांगतो की जाणाऱ्या माणसाबद्दल वाईट लिहायचं नाही. मग साहेब लोक काय करतात? गोडच लिहितात, पण त्या गोडाची एक भाषा असते. 'याच्यामुळे खात्यात वातावरण आनंदी राहिलं' — म्हणजे ड्यूटीवर बाटली. 'आमच्या अत्यंत पूर्ण समाधानास उतरला' — व्याकरणाची वाट लागते, पण माणूस सोनं. आणि 'नेहमी मनापासून प्रयत्न केला'... म्हणजे धडपडला बिचारा, जमलं काहीच नाही. शून्य. घेऊ नका याला. देशातला कुठलाही कारकून हे वाचेल आणि कागद बाजूला सारेल. आणि अकादमीत तेव्हा कागद बघायला कोण होता? माझ्यासारखाच एक जुना कारकून. मला माहीत होतं.

कॉफी घे. निवतेय.

सवयीनं लिहून गेलो, असं सांगणार होतो तुला. म्हणजे आज नाही — कधी ना कधी हे वर येईल, तेव्हा सांगू, असं सहा वर्षं घोकून ठेवलं होतं. जित्याची खोड, हात वळला तिकडे, माफ कर पोरा, असं. चांगलं वाटलं असतं ना ऐकायला? तू लगेच हसला असतास, 'जाऊ द्या ट्रेनर' म्हणाला असतास. पण गुडरूननं टाइप करता करता मान वर केली होती. म्हणाली, हार्टविग, हे वाक्य? त्या पोरासाठी? आणि मी म्हणालो, तू टाइप कर. आता बोल, सवयीनं कसं?

जानेवारी होता. दोन पोरं आणि एक जागा, तू आणि तो डोर्टमुंडकडचा, जो विसाव्या वर्षी खेळ सोडून आता विमे विकतो. दोघं सारखे, म्हणून अकादमीवाल्यांनी दोन्ही ट्रेनरांकडे पत्र मागितलं. आणि इकडे आपला संघ गुणतक्त्यात पहिला होता. चाळीस वर्षांत पहिल्यांदा! अकरा सामने उरलेले. तू गेला असतास तर मधे कोण? तो बेकरचा लठ्ठ मुलगा? मला वरच्या श्रेणीत चढायचं होतं रे. एकदा, मरायच्या आधी एकदा. चढलोसुद्धा, मला खांद्यावर घेऊन नाचलात तुम्ही — आणि पुढच्याच वर्षी आपटलो खाली. एवढ्यासाठी. एका वर्षासाठी. ज्या कुंपणावर तुझ्या आईनं भरवसा ठेवला, त्यानंच शेत खाल्लं.

आणि नकाराचं पत्र आलं तेव्हा तू कुठे आलास? इथेच. या बाकावर रडलास. मी तुला बटाट्याचे चिप्स खाऊ घातले, वर मेयोनेज, आणि म्हणालो, आंधळे आहेत लेकाचे. असं म्हणालो मी! तू विचारलंस, ट्रेनर, कमी काय पडलं? तर काहीतरी सांगायचं म्हणून म्हटलं, डावा पाय असेल. झालं! दोन वर्षं त्या मागच्या भिंतीवर डाव्या पायानं चेंडू मारत राहिलास, पावसात, बर्फात. आत मी ग्लास पुसायचो आणि ऐकायचो, धप्, धप्. डाव्या पायात काही खोट नव्हती, टिलमान. गुडघा मात्र त्यातच गेला, डॉक्टर काहीही म्हणोत. एकोणिसाव्या वर्षी चढायची शिडी तू तेविसाव्या वर्षी चढतोयस, गुडघ्यात दोन स्क्रू घेऊन. आणि परवा टीव्हीवर म्हणालास, हे सगळं ब्रोकमान ट्रेनरांमुळे. अख्ख्या क्लबनं मला बिअर पाजली. मी प्यायलो.

शिव्या दे. — नको, तो कागद घडी करून खिशात नको घालूस, फाड तो. — बरं, घाल. तुझा आहे.

काय म्हणालास? पुन्हा बोल, हल्ली या कानानं नीट ऐकू येत नाही. — चांगला होतास का? तेव्हा? — अरे, हेच विचारायचं होतं तुला, एवढं सगळं ऐकून? होतास. माझ्या हाताखालून तीनशे पोरं गेली असतील, तुझ्यासारखा एकही नव्हता. चांगला होतास म्हणूनच लिहिलं रे. वाईट असतास तर खरंखुरं कौतुक करून पाठवून दिलं असतं.

जा आता. तीनला सराव आहे तुझा, उशीर झाला तर दंड लावतात ते लोक. जा म्हणतो ना. हात मिळवायची काही गरज नाही, माझे ओले आहेत. दार ओढून घे.