पहिला हात

आदरणीय अध्यक्ष आप्पाजी, व्यासपीठावरचे पाहुणे, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपले सचिव श्रीरंग, आणि राजाजीनगरच्या आपल्या मंडळातल्या सगळ्या अण्णा-अक्कांनो, नमस्कार. मी चंपा, देवाप्पांची बायको. आप्पाजींनी दोनच शब्द बोलायला सांगितलंय. स्वल्प जास्त झाले तर सांभाळून घ्या.

श्रीरंग पुण्याला निघालेत, मुलाकडे. शाल, श्रीफळ होईलच. पण त्यांनी आपल्याला खरं काय दिलं? मंडळाची आरोग्य पॉलिसी. आपल्या मंडळातल्या नयनाची मुलगी दिवस भरायच्या आधी जन्मली, काचेच्या पेटीत राहिली. आज ती इथे खुर्च्यांमधून पळतेय. तेव्हा दवाखान्याच्या इन्शुरन्स काउंटरवर कोण उभं होतं? हेच श्रीरंग. हे मी विसरलेले नाही.

मग आपण काय केलं? हसू नका, आपणच केलं. हप्ता भरलाय तर वसूल करू या म्हणालो. गुडघा दुखला, एमआरआय. साधा ताप, ॲडमिट. इंदिरानगरला नवं मशीन आलं की आपलं निम्मं भजनी मंडळ तिकडे. आणि दवाखाना तरी पहिलं काय विचारायचा? "पॉलिसी आहे ना?" दुखतंय कुठे, ते नंतर. आमचे हे म्हणायचे, "कल्याणमंडपात पंगतीला बसल्यासारखे बसलेत की सगळे!"

हप्ता वाढला. पुन्हा वाढला. शेवटी कंपनी म्हणाली, सत्तरीच्या वरचे वगळा, मग परवडेल. याच हॉलमध्ये सभा झाली. श्रीरंगनी मान खाली घालून ठराव वाचला. पहिला हात कोणाचा वर झाला, आठवतं? देवाप्पांचा. स्वतः सत्तरी ओलांडलेले. म्हणाले, "पोरींची बाळंतपणं व्हायचीत. आमचं काय, चालतंय की."

वर्षभरात त्यांच्या हृदयाची झडप आकसली. बेळ्ळंदूरच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी व्हिडिओ दाखवला. छाती न कापता, मांडीतल्या रक्तवाहिनीतून नवी झडप वर जाते आणि तिथे उघडते. यांनी पुन्हा लावायला सांगितला. "काय शोध लावलाय बघ," म्हणाले. छाती उघडणं त्यांना झेपणार नव्हतं, हीच एक वाट होती. मग खर्च कळला. त्यात आमचं घर गेलं असतं. मी म्हटलं, विकू. परतताना बसमध्ये त्यांनी माझा हात धरला. "घर राहू दे. सरी?" मी सरी म्हटलं नाही, बरं म्हणून मान डोलावली नाही. त्यांनी ऐकलं नाही. थंडी संपायच्या आत ते गेले. मला अजून राग येतो. कोणावर, ते ठरवता येत नाही.

श्रीरंग, त्यानंतर तुम्ही आमच्या दारात आला नाहीत. आज सगळ्यांसमोर सांगते, राग तुमच्यावर नाही. जाण्याआधी चहाला या.

येत्या रविवारी नव्या सचिव सिद्धी पुन्हा एक ठराव मांडणार आहेत. उपचार महागले, हप्ता वाढला, म्हणून आता पासष्टीच्या वरचे वगळायचे. मी त्यांतली. सगळे माझ्याकडे बघतील, मला ठाऊक आहे. देवाप्पांची बायको, पहिला हात हिचाच वर होणार! नाही होणार. मला जगायचंय.

एवढं शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. निरोपाच्या दिवशी कडू बोलले असेन तर पोटात घाला. रविवारी मात्र माझा हात खालीच दिसेल. त्याची क्षमा मी मागणार नाही.