ठकूबाईची घागर

मंडळी, ऐका! आज मला एकच सवाल टाकायचाय. माणूस पालटला, हे ठरवायचं कुणी?

हसू नका. सोपा नाही सवाल. आता बघा, ह्या जगात सगळंच पालटतं. संध्याकाळी दुधाला विरजण लावलं, सकाळी दही! माय-माउल्यांनो, तुम्ही दह्याला विचारता का, "काल तू दूध होतंस, तुझा भरवसा काय?" नाही विचारत! कढी करून मोकळ्या होता!

तालुक्याच्या कचेरीत जा. काल जिथं ज्वारी डुलत होती, ती जमीन आज बिनशेती. एजंट त्याला म्हणतो, कन्व्हर्जन. गॅरेजवाला पेट्रोलची गाडी गॅसवर करून देतो, तो म्हणतो, कन्व्हर्जन! मास्तर पोरांना मैलाचे किलोमीटर करायला लावतात, तेही तेच! परदेशातला लेक डॉलर पाठवतो, बँक त्याचे रुपये करते, तेही तेच! आणि कुणी धर्म बदलला, तर त्यालाही हाच शब्द. फक्त तेव्हा आपला आवाज खाली येतो, आपण इकडंतिकडं बघतो. गाडीचं बोलताना नाही बघत!

बरं, जमीन पालटली की कागद मिळतो. गाडी पालटली की तिच्या पुस्तकात नोंद होते. पण एखादा माणूस आतून पालटला — हो, पालटतात माणसं! — तर त्याला कागद कोण देणार? शिक्का कुणाच्या टेबलावर असतो?

अहो मागचे, चहा मिळेल नंतर. बसा. गोष्ट ऐका.

उंबरझरी नावाचं गाव. गावात भैरोबाचं देऊळ, आणि देवळात घंटाच नाही! घंटेच्या जागी काय? तर आगगाडीच्या रुळाचा तुकडा, साखळीला टांगलेला. आरतीला गुरव त्याच्यावर लोखंडी गज हाणायचा. ठण्ण! ठण्ण! देव तरी काय म्हणत असेल? इथं आरती आहे का शाळा सुटली?

घंटा कुठं गेली? सटवाजीनं नेली! गावातलाच पोरगा. बाप लवकर गेला, पोर दारूला लागलं, आणि एक दिवस पिऊन त्यानं भैरोबाची घंटा उतरवली, फोडली आणि भंगारात घातली. पकडला गेला. तुरुंगात गेला. घरी एकटी आई, ठकूबाई. त्या दिवसापासून नैवेद्याची पाळी तिच्या घरावरून पुढं जायला लागली. शेजारच्या घरी पाळी यायची, पलीकडच्या घरी यायची, मधलं घर जसं नाहीच! देवळात कुणी तिचं नाव घेईना. चोरी कुणाची? लेकाची. शिक्षा कुणाला? आईला! असाच न्याय असतो आपला.

सटवाजी सुटून आला. आणि पालटून आला, मंडळी! दारूला शिवला नाही. लोकांच्या विहिरी उपसायचा, गोठे शाकारायचा, आईला जेवू घालायचा. सकाळी देवळाबाहेरचं अंगण झाडायचा, पण पायरी चढायचा नाही. कुणी त्याला म्हटलं नव्हतं चढू नको. त्यालाच लाज वाटायची.

गाव काय म्हणायचं? "ढोंग करतोय!" काम नीट केलं तर, "साळसूद झालाय." गप्प बसला तर, "मनात काहीतरी शिजतंय." हसला तर, "बघा, लाज आहे का!" आता सांगा, त्या माणसानं तोंड करायचं तरी कसं?

मग गावानं ठरवलं, नवी घंटा ओतायची. दाजीबा ओतारी आला, देवळामागं भट्टी मांडली. रीत अशी, की प्रत्येक घरानं एक जुनं भांडं द्यायचं. तांब्याचं, पितळेचं, काशाचं. जुन्या भांड्यांवर नाव घातलेलं असतं ना, ठिपक्याठिपक्यांनी? आईचं, आजीचं, माहेरच्या माणसाचं? ती भांडी मुशीत जाणार. मूस म्हणजे धातू वितळवायचं भांडं, निखाऱ्यात बसवलेलं. तिथं नाव राहतंय कुठलं! म्हणून ओतारी एकेक भांडं उचलतो, वरचं नाव मोठ्यांदा वाचतो, त्या घरचे लोक हात जोडतात, आणि मगच भांडं मुशीत सोडतो. आणखी एक रीत. एकदा नाव वाचलं की ते भांडं माघारी ठेवायचं नाही. ते देवाचं झालं.

ही रीत लक्षात ठेवा. सगळा घोळ हिच्यातच आहे.

ठकूबाईकडं एक तांब्याची घागर होती. माहेरून आलेली, तिचं नाव घातलेली. ती घेऊन म्हातारी रंगराव पाटलांकडं गेली. रंगराव म्हणजे देवळाचे कारभारी. गळ्यात माळ, कपाळाला बुक्का.

म्हणाली, "दादा, माझी बी घागर घ्या."

रंगराव म्हणाले, "मावशी, तुझ्यावर राग न्हाई. पण ज्यानं घंटा फोडली त्याच्या घरचं तांबं घंटेत? लोकं काय म्हणतील?"

"त्यो आता तसा न्हाई राहिला, दादा."

"कशावरून?"

मंडळी, काय सांगणार म्हातारी? कशावरून! दाखवायचं काय? कागद आहे का?

घागर घेऊन परत आली. सटवाजी म्हणाला, "आई, नाव घासून टाकतो. शेजारच्या घरची म्हणून देऊ कुणाच्या तरी हातून."

म्हातारी म्हणाली, "नाव न्हाई, तर मग घागर कशाला द्यायची? मरायच्या आधी एकदा माझं नाव देवळात ऐकायचंय रं मला."

एवढंच! म्हातारीला सोनं नको होतं, मान नको होता. देवळात एकदा नाव!

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, गाव जेवून आडवं झालेलं. सटवाजीनं घागर पोत्यात घातली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा देवळाची पायरी चढला. सभामंडपात भांड्यांचा ढीग. ढिगाच्या तळाशी घागर सरकवली आणि देवाकडं न बघताच बाहेर आला. काखेत रिकामं पोतं!

आणि गुरवाला जाग आली.

"चोर! चोर! सटवाजीनं देऊळ लुटलं!"

धावलं गाव! जेवायला बोलावलं तर तासभर हात धुणारी माणसं, पण मारायला? एका हाकेत हजर! धरला त्याला. "काय चोरलंस?" — "काही न्हाई." — "मग आत कशाला गेला होतास?"

आता बघा त्याची पंचाईत! खरं सांगितलं, तर हे लोक आत जाणार, घागर ढिगातून काढून बाहेर फेकणार. उद्या ओताऱ्यानं नाव वाचेपर्यंत ती तिथं राहायला हवी. म्हणून तो बोललाच नाही. चोरी लपवायला माणूस गप्प बसतो, हे आपल्याला ठाऊक आहे. दान लपवायला कुणी मार खातं, हे कुणाच्या डोक्यात येणार?

मारला. गालफडात, कानशिलात, दोन्ही कानांखाली. पहिला हात रंगरावांचा. माळ छातीवर इकडून तिकडं उडत होती! घराची झडती घेतली, मडकी फोडली, काही सापडलं नाही. तर गाव काय म्हणालं? "विकलं असेल!" अरे, इतक्या वेळात? पोत्यात काही नव्हतं, हे सगळ्यांनी बघितलं. पण एकानं तरी आत जाऊन ढीग मोजायचा ना! काय गेलं ते तरी बघायचं! नाही बघितलं. गरजच वाटली नाही. चोर ठरलेलाच होता, मग चोरी शोधायची कशाला?

उजाडलं. भट्टी पेटली. सटवाजी घरात पडून, कानांतून रक्त वाहून वाळलेलं. म्हातारी मात्र काठी टेकत आली आणि देवळाच्या भिंतीला पाठ लावून बसली. बाहेरच.

दाजीबा एकेक भांडं उचलतोय, नाव वाचतोय, हात जुळतायत. ढीग उतरत गेला. आणि तळाशी एक घागर. ओतारी परगावचा, त्याला काय ठाऊक? त्यानं उचलली आणि खणखणीत आवाजात वाचलं —

"ठकूबाई महादू!"

मंडळी, जमलेल्यांतला एकही हात जुळला नाही. भिंतीपलीकडं म्हातारीनं हात जोडले.

कुणीतरी म्हणालं, "ही घागर इथं कशी?" आणि मग हळूहळू, एकेकाच्या ध्यानात आलं. पोतं रिकामं का होतं. काल दुपारी त्या पोरानं देवळातून काही नेलं नव्हतं. आणून ठेवलं होतं!

रंगराव पुढं झाले. दाजीबा म्हणाला, "पाटील, नाव वाचलंय. आता माघारी ठेवता यायची न्हाई."

"घाला मुशीत," रंगराव म्हणाले.

घागर मुशीत गेली. लाल झाली, बसली, नाव गेलं. कुणाची परात, कुणाचा तांब्या, कुणाची घागर, काही वेगळं करता येईना. धातूला पालटायला असा कितीसा वेळ लागला!

मग सगळं गाव निघालं सटवाजीच्या घरी. त्याच धावेनं! रंगरावांनी पागोटं काढलं, त्याच्या पायाशी ठेवलं. "सटवाजी, चुकलो रं! पोरा, माफ कर! गावाच्या वतीनं हात जोडतो!"

सटवाजी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिला. एकाच्या तोंडाकडं, मग दुसऱ्याच्या. वाटलं त्याला, परत मारायला आले. हात कानांवर घेतले त्यानं.

मागून ठकूबाई आली. म्हणाली, "कालपासून त्याला ऐकू येत न्हाई. म्या रातभर हाका मारल्या. बोला तुम्ही, मोठ्यानं बोला. तुमचं तुम्हालाच ऐकू यील."

रडू आलं ना? मलाही येतं. पण थांबा.

घंटा झाली. नाद असा, की तीन शिवारं पलीकडं जावा. गावानं ठरवलं, पहिली घंटा सटवाजीनं वाजवायची. धरून आणला, पायऱ्या चढवल्या, दोरी हातात दिली. त्यानं ओढली. घंटा घुमली! म्हातारीचे डोळे मिटले. आणि सटवाजीनं तिच्याकडं वळून विचारलं, "आई, वाजली का?"

तिनं मान डोलावली. त्याला राहवेना. त्यानं हात वर केला आणि घंटेवर तळवा टेकवला. थरथर तरी हाताला लागावी म्हणून! लागली. हसला तो. आणि मंडळी, घंटेवर हात टेकवला की काय होतं? नाद बंद होतो. एवढी घुमणारी घंटा मुकी झाली.

पुढं रोजच्या आरतीला तो यायचा, दोरी ओढायचा आणि हात टेकवायचा. रोज घंटा एकदाच वाजायची आणि गप्प व्हायची. गावात कुणाची छाती झाली नाही त्याला हात काढ म्हणायची.

संपलं आख्यान. हं, मृदंगबुवा, हात आवरा. आत्ता नको.

मघाशी हार घालून, वाजतगाजत मला ह्या मांडवात आणलंत. वाटेत, विहिरीच्या कट्ट्यावर एकजण बसला होता. मी विचारलं, हा कोण? तुमच्यातलेच एक मला म्हणाले, "महाराज, तिकडं बघू नका. तो सुटून आलाय." नाव नाही सांगितलं हो! सुटून आलाय, एवढंच.

म्हटलं, पालटला का? तर म्हणाले, "कोण जाणे!"

कोण जाणे! अरे, मग जाणणार कोण? मी उद्या पुढच्या गावाला जाईन. देव काही खाली येऊन शिक्का मारणार नाही. तुमच्याशिवाय आहे कोण त्याला?

तुमचा एक भोंगा विहिरीच्या बाजूला लावलाय. म्हणजे मघापासून तो सगळं ऐकतोय. ह्या क्षणी, हेही ऐकतोय. मंडळी, त्याला अजून ऐकू येतं.

जयजयकार मी आज सुरू करणार नाही. टाळ खाली ठेवा. कुणीतरी उठा, त्या कट्ट्यापाशी जा, आणि त्याला त्याच्या नावानं हाक मारून आत घेऊन या.

मी थांबतो.

…

अजून कुणी उठलं नाही.