उजवीकडचं बटण

— नाही ना, कोणी मानलंच नाही. आठ महिने झाले भिया, एकानंही नाही. फॉर्म पाठवायचं बटण नव्हतं म्हटलं की लोक माझ्याकडे असे बघायचे, जशी मी वेडीच आहे. ट्रेनिंगच्या हापिसात गेले, तर तिथल्या साहेबानं आपला कंप्युटर माझ्याकडे वळवला — हा एवढा रुंद, पाटासारखा — आणि बोट ठेवून दाखवलं, हे काय बाई, उजवीकडे, हिरवं. होतं. तिथे होतंच, मी कशाला खोटं बोलू? पण इथे परदेशीपुऱ्यात, जयेशच्या सायबर कॅफेत जो जुना डब्बा आहे, त्याच्यावर नव्हतं. मी म्हटलं, साहेब, टेम्पोत बसा माझ्यासोबत, दाखवते. तर म्हणतो, फॉर्मचं पान एकच असतं, इथे एक नि तिथे दुसरं असं होत नाही. चौथी शिकलेल्या बाईला एवढं ऐकवलं की ती गप्प होते असं वाटतं त्यांना. मी कुठली गप्प होतेय — जयेशच्या दुकानासमोर दोन दिवस उभी राहून ओरडले, तुझ्या खटाऱ्यानं माझ्या पोरीचा फॉर्म खाल्ला म्हणून. अर्धं गिऱ्हाईक तुटलं त्याचं. अजून बोलत नाही माझ्याशी. नको बोलू.

आणि आज तुम्ही आलात, पान बनवणाऱ्या कंपनीतून. सुजय म्हणालात ना नाव? आधी जयेशकडे जाऊन स्वतः उघडून बघितलंत, हे बरं केलंत. दिसलं बटण? नाही ना. पान उजवीकडून कापलेलं, आणि सरकवायला खाली पट्टीपण नाही. तुम्ही आपल्या मोठ्या काचेवर बनवलं, तिच्यावरच बघितलं, बस, झालं. मी मिलमध्ये घडी खात्यात होते, मिलला टाळं लागेपर्यंत — कापडाचं थान गाठीत बांधायच्या आधी पूर्ण उलगडायचो, उजेडात धरायचो, दोन्ही काठ बघायचो. एकच काठ बघून पास केलं तर जॉबर, आमचा मुकादम, त्याच थानाचं ओझं डोक्यावर देऊन खातंभर फिरवायचा. तुमच्याकडे असं फिरवणारं कोणी नाही वाटतं. चहा घ्या. गार होतोय.

नाही, माझ्या संबोधीला बाहेर नका बोलवू, ती आत खुर्चीला वेत विणतेय. ऐकू येतं तिला सगळं. डोळे सातव्या वर्षी गेले, दोन्ही. टेलिफोन ऑपरेटरचं ट्रेनिंग होतं ते, खास न दिसणाऱ्यांसाठी, चार जागा — आणि फॉर्म ठेवला पडद्यावर. बोला. तिच्या शाळेत बोलणारा कंप्युटर होता, तिथे ती फटाफट चालवायची. जयेशकडे कुठला बोलणारा? तिथे मी बोलायचे. मतलब, मला इंग्रजी वाचता येत नाही, पण अक्षरं येतात, थानांवर शिक्के मारून मारून बसलीत डोळ्यांत. मी एकेक अक्षर सांगायचे, ती जोडून शब्द करायची, मग टाइप करायची. टाइप करायला तिला डोळे लागत नाहीत. अशी दोघींनी बसून तीन पानं भरली. त्याच महिन्यात तिचं वय उलटत होतं, पुढच्या वर्षी बसता येणार नव्हतं. तिचा बाप, किसन, मिल बंद झाल्यावर सियागंजच्या बाजारात पोती उचलायचा, दुसऱ्या वर्षी गेला. नाही, मी रडत नाहीये. मला येतच नाही आता.

काय? तुम्ही लिहून दिलंत की चूक पानाची, अर्जदाराची नाही — तर तिला वय न धरता घेतील? मग लिहा की, विचारता काय. लाल ओळ? कुठली लाल ओळ? नव्हती. नव्हती म्हटलं ना एकदा. डावीकडे, वरती... आज दिसली तुम्हाला? त्याच डब्ब्यावर?

मग असेल.

होती. त्या दिवशी कसलातरी निकाल होता, कॅफेत माझ्या मागे आठ-दहा जण उभे. मी वाय, ओ, यू सुरू केलं की मागून कोणीतरी माझाच आवाज काढून वाय, ओ, यू म्हणायचं. बालवाडी भरली काय, म्हणाला एक. तिन्ही पानं मी ऐकून घेतलं. मिलच्या फाटकावर पोलिसांची लाठी खाल्लेली बाई आहे मी भिया, जागची हलले नव्हते — आणि तिथे, त्या स्टुलावर, कान तापले माझे. शेवटचं पान आलं, वरती ती लाल ओळ. संबोधी म्हणाली, "आई, आता काय लिहिलंय? अक्षरं सांग." मी म्हटलं, "झालं, असं लिहिलंय. ऊठ."

एकही अक्षर नाही सांगितलं. ती म्हणत होती, झालं असेल तर नंबर येतो, नीट बघ. मी दंड धरून उठवली. सांगितलं असतं तर तिनं ओळखलं असतं की फॉर्म गेला नाही, उजवीकडे बटण आहे, दाबायचंय. जयेशला हाक मारली असती. त्यानं काहीतरी करून सरकवलं असतं पान. तो वाईट नाही.

हा कागद तिनं पाठवलेला ना, तक्रारीचा? वाचा. — हूं. पुढे? — "अक्षरं नीट विचारली नाहीत, ही चूक माझी, संबोधीची"? असं लिहिलं तिनं? मला म्हणाली, कंपनीला लिहिलंय, बस.

आत वेताचा आवाज थांबलाय. थांबू द्या.

तुमच्या पानाचं तुम्ही लिहा, ते मी नाही सोडणार, बटण दिसत नव्हतं ते नव्हतंच. पण तिची ही ओळ खोडा. पेन काढा, माझ्यासमोर खोडा, पूर्ण, खालून दिसायला नको. तिनं दोनदा विचारलं होतं, हे लिहा. सांगितलं नाही, हे लिहा. आणि तिचं नाव होतं तिथे माझं घाला, मग जा तुम्ही — मंजुळा.