आते

अक्का : मोठ्यानं बोल, निंबा. मस्कतहून फोन केलायस, कानगोष्ट नाही सांगत आहेस. आणि ते हॅलो हॅलो पुरे. मी नर्मदा. तुझी सख्खी बहीण, शिरपूरला दिलेली. ओळख पटली का?

निंबा : अक्का, किती वेळ लावलास यायला!

अक्का : फोन भंवरलालशेठच्या कापडदुकानात आणि मी घरी भाकरी थापत होते. शेठनं रस्त्यावरून हाक मारली, तशी पिठाच्या हातानं आले. साहेबांना थांबावं लागलं, माफी असावी.

निंबा : पोचलो आम्ही. पोरीला घेऊन. आज तिचा घरातला पहिला दिवस.

अक्का : कळलं मला. धुळ्यात आलात, आश्रमातून पोर दत्तक घेतलं आणि टॅक्सी करून मुंबईला पसार झालात. धुळ्याहून शिरपूर ते किती? बहिणीच्या दारात घोटभर चहा घेतला असता तर तुझी इस्त्री मोडली असती का?

निंबा : अनघाला गाडी लागते, अक्का. तिला प्रवास झेपत नाही.

अक्का : मस्कतपर्यंत बरा झेपला. शिरपूरच तेवढं पोटात ढवळतं तुझ्या पुण्याच्या बाईसाहेबांच्या.

निंबा : टोमणे नंतर मार. मला तुझी मदत हवीय.

अक्का : ऐकलंत का, भंवरशेठ? आमच्या साहेबांना आमची मदत हवीय. जरा तो पंखा बंद करा, असा दिवस रोज उगवत नाही. हं, बोल.

निंबा : पोरगी सकाळपासून जेवली नाही. पायातली चप्पल काढत नाही. दाराशी जाऊन बसलीय. आणि सारखी तुलाच हाक मारतेय.

अक्का : मला?

निंबा : ‘आत्ते, आत्ते’ एवढंच चाललंय. विमानात आम्ही तिला घरच्यांचे फोटो दाखवले होते. अनघा म्हणते, तिला आत्याचा लळा लागलाय.

अक्का : फोटोवरून? कोणता फोटो दाखवलास?

निंबा : तुझ्या लग्नातला.

अक्का : मेल्या, त्यात मी रडतेय. नाकातली नथ गालावर आलीय. दुसरा नव्हता का एखादा? ... खरंच म्हणते रे? आत्या म्हणून?

निंबा : तुझी शपथ.

अक्का : मग बापापेक्षा लेकीला अक्कल जास्त दिसते. खरं सांगू? मी ठरवलं होतं, या पोरीचं तोंड बघायचं नाही. तुम्ही दारावरून गेलात ना, त्या रागानं. पण लेकरू हाक मारतं म्हटल्यावर कसला राग धरायचा? दे, फोन दे तिला. नाव काय?

निंबा : ईशा.

अक्का : ते तुम्ही ठेवलं असणार. कोणत्या नावानं हाक मारली की ती वळून बघते?

निंबा : पुनी.

अक्का : मग पुनीला दे.

(पलीकडे फरशीवर चपलांचा आवाज. मग रिसीव्हरवर भरभर श्वास.)

पुनी : आते जाऊत ना?

अक्का : काय म्हणालीस?

पुनी : आते घर जाऊत ना? मावशी वाट देखी ऱ्हायनी व्हई.

अक्का : बेटा, घर जानं शे, हाई तुले कोन सांगं?

पुनी : मावशीनी. ती म्हने, फिराले जाय. आते फिरनं व्हई गयं.

अक्का : बरं. बाजूले तो मानूस उभा शे ना, त्याले दे फोन. मी आखो बोलस तुन्हासंगे.

निंबा : बघ, ‘आत्ते’च म्हणाली ना?

अक्का : मूर्खा! ‘आते’ म्हणजे आता! अहिराणी बोलतेय ती. ‘आता घरी जाऊ ना’ म्हणून सकाळपासून विचारतेय तुम्हाला. आश्रमातल्या मावशीनं फिरायला जा म्हणून तिला तुमच्याबरोबर लावून दिलं. फिरून झालं, म्हणून चप्पल घालून दाराशी बसलीय. आत्या कसली आणि लळा कसला! आणि मीही खुळी ती खुळीच. इथं शेठच्या दुकानात, गिऱ्हाइकांपुढं, पदर डोळ्याला लावून बसले.

निंबा : अरे देवा. अनघाला वाटलं, तिला शब्द नीट उच्चारता येत नाहीत. जिभेच्या डॉक्टरची वेळसुद्धा घेतलीय आम्ही.

अक्का : जीभ चांगली खणखणीत आहे पोरीची. तुमचे कान दाखवा डॉक्टरला. ‘आहे’ला ‘शे’ म्हणतात म्हणून माझ्या सासरच्यांना ‘शे-शेवाले’ कोण म्हणायचं रे? माझ्या नणंदेच्या लग्नात, भर पंगतीत, पुण्याच्या मित्रांना नकला करून कोणी हसवलं? मी तिथंच वरण वाढत होते. सासऱ्यांनी मान खाली घालून जेवण उरकलं. तुला दिसलं होतं, तरी तू थांबला नाहीस. घे आता. शे तुझ्याच घरात येऊन बसलं.

निंबा : चुकलं माझं. पण आता तू तिला समजावून सांग. परत जायचं नाही म्हणावं. हेच तुझं घर.

अक्का : मी सांगू? पोर आणताना बहीण आठवली नाही. रडवायची वेळ आली तशी आठवली?

निंबा : माझ्याकडे शब्दच नाहीत, अक्का.

अक्का : अरबांना इंग्रजीतून मोटारी विकतोस आणि पाच वर्षांच्या पोरीपुढं शब्द नाहीत. थू तुझ्या शिक्षणावर!

निंबा : म्हण, काय म्हणायचं ते म्हण. पण ती माझ्याकडं बघत नाही. जवळ गेलो की भिंतीला चिकटते. अनघा न्हाणीत नळ सोडून रडून आली. आम्ही इतकी वर्षं या दिवसाची वाट पाहिली, आणि ती आम्हाला भितेय गं.

अक्का : नाक पूस. फोनवर सुरसुर ऐकू येते. दे तिला. पण त्या मावशीसारखं गोड खोटं मी बोलणार नाही. खरं ते सांगेन, मग रडली तर तू सांभाळ.

पुनी : आते जाऊत?

अक्का : नही, पुनी. आते जानं नही. मावशी तुन्हासंगे खोटं बोलनी. आते तेच तुन्हं घर शे.

पुनी : मन्हं?

अक्का : हा, तुन्हं.

पुनी : दार, पलंग, बठ्ठं?

अक्का : बठ्ठं तुन्हंच शे, बेटा.

पुनी : मंग ह्या मानसे कव्हय जातीन?

अक्का : दे. त्याले फोन दे.

निंबा : अक्का, रडली नाही गं! काय विचारलं तिनं शेवटी?

अक्का : तिनं विचारलं, दार, पलंग, सगळं घर माझं असेल तर ही माणसं कधी जाणार?

निंबा : कोणती माणसं?

अक्का : आहे का तिसरं कोणी घरात?

निंबा : म्हणजे आम्ही?

अक्का : हो, तुम्हीच. मला वाटलं होतं, तुझी अशी जिरली की मी पोट धरून हसेन. नाही येत हसू. पोर तुझ्या तोंडाकडं बघत असेल, उत्तर दे तिला.

निंबा : काय देऊ? आम्हीपण इथंच राहणार, हे कसं सांगतात?

अक्का : सांगतोस काय? घर तिचं आहे, विचार तिला. खाली बस आधी, उंटासारखा उभा राहू नकोस. बायकोलाही बसव. आणि माझ्या मागून म्हण, ‘आम्ही बी आठे ऱ्हाऊत का?’

निंबा : अनघा, इकडे ये. बस. ... पुनी, आम्ही बी आठे...

अक्का : ऱ्हाऊत का.

निंबा : पुनी, आम्ही बी आठे ऱ्हाऊत का?